लांडग्याचा उजवा कान

१

मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच बाहेर आले होते. कोणाशी ते ठरलं नव्हतं. त्या नव्या सिनेमाचा जो कोणी जबाबदार माणूस पहिला हाताला लागेल त्याला धरून विचारणार होते, की बाबा रे, आमच्या लांडग्याने तुमचं काय घोडं मारलं होतं?

पण बाहेर येऊन पाहते तर थेटरच्या दालनातली काचेची पेटी फुटलेली. जमिनीवर काचांचा खच. गर्दीसाठी दोरी बांधतात तो पितळी खांब आडवा पडलेला. आणि पेटीतल्या ज्या लाकडी डोक्यावर मुखवटा बसवलेला असायचा ते डोकं बोडकं. माझ्या हातातलं भांडण हातातच राहिलं.

तो मुखवटा म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही, तरी सांगते. लांडगा-माणसाचा एक फार जुना सिनेमा आहे. त्याला आम्ही नुसतं 'जुना' म्हणतो. त्याची एकच प्रत शिल्लक आहे, ती आमच्या थेटरच्या कपाटात. वर्षातून एकदा ती लागते आणि आमचं लांडगे मंडळ झाडून सगळं हजर असतं. उजव्या खांद्यावर लोकरीचा एक छोटा तपकिरी कान लावून. हे कान आमचे अध्यक्ष स्वतःच्या हाताने करतात. निवृत्त प्राध्यापक माणूस. बदली होऊन इकडे आले ते इकडचेच झाले. मुखवटा झाडूनपुसून ठेवायचं कामही त्यांचंच, दुसऱ्या कोणाला बोट लावू देत नाहीत.

जुन्याची गोष्ट अशी. चक्कीवालीचा मुलगा शापाने लांडगा होतो. गावची कुत्री त्याच्यावर सुटतात, त्याचा उजवा कान फाटतो. तसाच तो आईच्या दारात येतो, आणि आई त्याला त्या रूपात ओळखते. फाटक्या कानावर हात ठेवते. मध्यंतर. पुढच्या दृश्यात तो चक्कीच्या छपरावर उभा, आणि कान बघा तर अख्खा. आईच्या हाताने भरून आलेला. मग तो मान वर करून जी आरोळी ठोकतो ना, खुर्च्यांचे खिळे हलतात. शेवटी पहाटे तो माणूस होऊन आईने डोक्यावरून पांघरलेल्या शालीखाली प्राण सोडतो. त्या अख्ख्या कानावर अध्यक्षांनी आयुष्यभर व्याख्यानं दिली आहेत. आम्ही दरवेळी रडलो आहोत.

आणि नव्यात? नव्यात आरोळी मध्यंतराच्या आधीच. ना कुत्री, ना आई, ना जखम. कान आपला पहिल्यापासून अख्खा. मग ओरडतो कशाला, पोट दुखतं म्हणून? आरोळी सुरू होताच मी उठून उभी राहिले आणि जाब विचारला. माझ्यामागे सगळं थेटर उठलं. थेटरचे मालक पडद्यापुढच्या पायऱ्यांवर उभे राहून हात जोडत होते. अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत म्हणून मी मागे वळून दाराजवळच्या त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. अंधारात खुर्चीच्या पाठीवर त्यांचा मफलर तेवढा दिसला. बिचारे डोकं गुडघ्यांत घालून बसले असतील असं वाटलं.

आता मात्र ते फुटलेल्या पेटीपुढे उभे होते. मुठीत त्यांनी काहीतरी धरलं होतं.

"काचांमध्ये हे सापडलं," ते म्हणाले आणि मूठ उघडली. तपकिरी लोकरीची एक बट होती. "आपल्याच कानाची लोकर आहे. चोर आपल्यातलाच आहे."

सगळे आपापला खांदा चाचपू लागले. सगळ्यांचे कान जागेवर होते. तेवढ्यात माझी मुलगी जिन्यावरून खाली आली, डोळे लाल, आणि तिच्या खांद्यावर कान नव्हता.

२

माझ्या मुलीला सगळे ठिणगी म्हणतात, यावरून काय ते समजा. बालवर्गाची शिक्षिका आहे. नोकरी अजून कायम झालेली नाही. आदल्या दिवशी तिने फोनवर स्वतःचं चित्रण करून जगाला दाखवलं होतं, की या रिमेकवाल्यांचे हात मी आमच्या मुखवट्याला लागू देणार नाही. मंडळाने टाळ्या वाजवल्या होत्या. आता तीच मंडळी तिच्याकडे असं बघत होती की मला एकेकाची कानउघाडणी करावीशी वाटली.

मालकांनी हिशेब मांडला. पेटीची काच जाड, फुटताना मोठा आवाज होणार. दारवान बाहेरच्या दारात बसलेला, मध्ये नुसता पडदा. आमचा आरडाओरडा त्याने ऐकला होता, काच फुटल्याचा आवाज मात्र नाही. म्हणजे काच फुटली ती आरोळी चालू असताना. त्या वेळी आत कोण नव्हतं?

"मी नव्हते," ठिणगी म्हणाली. "त्याचा लांडगा होताना पाहिला आणि उठले. जुन्यात एकेक केस उगवताना दिसतो. यांनी संगणकावर फुर्र केलं, झाला लांडगा. मला बघवेना. वर जाऊन रडत बसले होते."

"कान कुठाय तुझा?" मालकांनी विचारलं.

"उपटून फेकला कुठेतरी. राग आला होता."

मालक माणूस वाईट नाही, पण घाबरट. "संध्याकाळच्या खेळापर्यंत मुखवटा जागेवर आला तर मी सगळं विसरलो," ते म्हणाले. "नाहीतर पोलिसांत नाव द्यावं लागेल, ताई. मग शाळेला कळणारच."

मी तिला खांबाआड ओढलं आणि विचारलं, "तूच घेतलास का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. थप्पड मारली असती तरी चाललं असतं, पण ते बघणं नको होतं.

"वहिनी," मागून आवाज आला, "आरोळी झाली वाटतं. संपला ना सिनेमा? घरी जाऊ या का?"

डोळे चोळत माझी नणंद उभी होती.

३

वन्सं विमा कंपनीत आहेत. कोणाचं गोदाम जळालं, कोणाचा ट्रक उलटला, की यांनी जाऊन बघायचं, खरंच जळालं का जाळलं. सिनेमाचं त्यांना सोयरसुतक नाही. दरवर्षी मी त्यांना जुन्याला ओढत नेते आणि दरवर्षी त्या पहिल्या पाच मिनिटांत घोरायला लागतात. आरोळीला दचकून जाग्या होतात, थोडा वेळ मुलाचं मरण बघतात, आणि आम्ही घरी येतो.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही. फक्त विचारलं, "संध्याकाळचा खेळ किती वाजता?"

"सहाला."

"मग वेळ आहे. चला, एकेकाशी बोलू."

पहिला सापडला नव्या सिनेमाचा जाहिरातवाला. भलताच खुशीत होता. का नसेल? चोरीची बातमी म्हणजे त्याला फुकटची जाहिरात. मी तर तिथेच निकाल लावला होता. पण त्याने फोन पुढे केला. आरोळीच्या वेळी तो पडद्यापाशी उभा राहून आमचेच संतापलेले चेहरे टिपत होता. पूर्ण आरोळीभर हात हलला नव्हता. मी स्वतःला पाहिलं, तोंड एवढं मोठं उघडलेलं. पायऱ्यांवर हात जोडलेले मालकही त्यात होते.

"तुम्ही लोक उगीच चिडलात," तो म्हणाला. "आम्ही काहीच बदललेलं नाही. मूळ पटकथा मिळवली, दृश्यांचा क्रम तोच ठेवला. गेला महिनाभर जाहिरातीत तेच ओरडतोय."

"मूळ?" मी म्हटलं. "मूळ आम्ही दरवर्षी बघतो. आम्हाला शिकवता?"

वन्संनी माझा दंड दाबला.

मग नव्याची रंगभूषा करणारी बाई. ती माझ्याच शेजारी बसली होती, त्यामुळे तिच्यावर संशय घ्यायची सोय नव्हती. रडवेली झाली होती. "मध्यंतरात मुखवटा पेटीतून काढून मला हातात देणार होते," ती म्हणाली. "मालकांनी खेळाआधी जाहीर केलं तसं. लोकांना दाखवणार होते मी, त्या काळी केस कसे बसवायचे ते. जन्मात एकदा मिळणारी संधी होती."

"हे देण्याचं आधीपासून ठरलं होतं?" वन्संनी विचारलं.

"नाही हो. सकाळीच मालकांना विनंती केली. त्यांनी लगेच पडद्यापुढे उभं राहून सांगून टाकलं."

"नुसत्या काचेबाहेरून बघून काय कळतं?"

"फारसं नाही. हातात घेतला की कळतं. कुठला केस, कुठला टाका, कुठे दुरुस्ती झाली, सगळं."

शेवटी अध्यक्ष. त्यांचं घर थेटरच्या मागच्याच गल्लीत. आरामखुर्चीत पडून होते, कपाळावर ओला रुमाल. भिंतीवर त्यांच्या व्याख्यानांचे फोटो, टेबलावर लोकरीचे अर्धवट कान आणि डिंकाची बाटली.

"त्यांनी आईची माया काढून टाकली," ते म्हणाले. आवाज खरोखरच कापत होता. "कान भरून येणं हा या सिनेमाचा प्राण आहे. मी आरोळीच्या वेळी खुर्चीत नुसता थिजून बसलो होतो. आणि वर आपल्याच पोरीने हे करावं? मला तिच्याबद्दल राग नाही. तिने मुखवटा कुठे टाकला तेवढं सांगावं."

मला भडभडून आलं. एवढा मोठा माणूस, आमच्या पोरीला क्षमा करत होता. वन्सं मात्र टेबलावरचा एक कान उचलून लोकर बोटांनी कुरवाळत होत्या.

"हा मी घेऊ?" त्यांनी विचारलं.

ते हो म्हणाले, पण हो म्हणायच्या आधी क्षणभर थांबले.

४

परत येताना वन्सं रस्त्यात मध्येच उभ्या राहिल्या. मागून सायकलवाला ओरडला, तरी हलल्या नाहीत.

"वहिनी, मी दरवर्षी आरोळीला उठते. उठल्यावर किती सिनेमा उरलेला असतो?"

"थोडाच. शेवटचं मरण."

"आणि आज?"

"आज अर्धा उरला होता. तोच तर राग आहे ना आमचा."

"म्हणजे तुमच्या मंडळातल्या कोणालाही विचारलं, आरोळी कधी येणार, तर तो काय म्हणेल?"

"मध्यंतरानंतर. शेंबडं पोरही सांगेल."

"आणि मुखवटा मध्यंतरातच त्या बाईच्या हातात जाणार होता. चोराला त्याच्या आत उचलायला हवा होता. आवाज लपवायला आरोळीच हवी. पण ठिणगीच्या हिशेबाने मध्यंतराआधी आरोळी येणारच नव्हती. मग ती खांब उचलून कशाची वाट बघत उभी राहील? आरोळी एवढीशी असते. ती ऐकून मग विचार केला, खांब शोधला, असं करायला वेळच पुरत नाही. चोर आधीपासून पेटीपुढे उभा होता. त्याला माहीत होतं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "जाहिरातवाला. त्यानेच नवा आधी पाहिलाय. नाहीतर रंगभूषावाली."

"तो चित्रण करत होता, ती तुमच्या शेजारी होती. उरला कोण?"

"कोणीच नाही."

"एक प्रकारचा माणूस उरतो," वन्सं म्हणाल्या. "ज्याला तो जाहिरातवाला खरं बोलतोय हे ठाऊक होतं. की मूळ क्रम नव्यासारखाच आहे, आणि तुमच्या थेटरात दोन रिळं वर्षानुवर्षं उलटीपालटी लागतायत."

काय बोलत होत्या या? मला त्यांचा असा राग आला की विचारू नका. घोरणाऱ्या बाईने आम्हाला जुना शिकवावा? पण त्या तरातरा चालत थेटरात गेल्या आणि सफाईवालीला गाठलं. ठिणगी रडत बसली होती त्या वरच्या स्वच्छतागृहातल्या कचऱ्याच्या डब्यात काही मिळालं का? तिने पदराच्या टोकातून एक लोकरीचा कान काढला. छान दिसला म्हणून ठेवून घेतला होता.

ठिणगीचाच होता. तिने त्याच्या मागे लाल दोऱ्याने फूल काढलेलं होतं. आणि त्याची एक बटही तुटलेली नव्हती.

"मग काचांमध्ये सापडली ती बट कोणाच्या कानाची?" मी विचारलं.

वन्सं हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदा. "लांडग्याच्या."

५

साडेपाचला आम्ही सगळे दालनात जमलो. काचा झाडून झाल्या होत्या. अध्यक्ष मफलर गुंडाळून आले. मालक घड्याळ बघत होते. ठिणगी माझ्यापासून लांब, आत्याच्या बाजूला उभी राहिली.

वन्संनी रंगभूषावालीच्या हातावर दोन गोष्टी ठेवल्या. सापडलेली बट आणि अध्यक्षांच्या टेबलावरचा कान. "एकच का?"

"एकच. विणकामाची लोकर आहे. आत्ताची."

"जुन्या मुखवट्यावर ही असेल?"

"शक्यच नाही. त्यावर याकचे केस असायचे."

"पण ही बट मंडळातल्या कोणाच्या कानाची नाही. सगळ्यांचे कान धडधाकट आहेत, या पोरीचासुद्धा. मग ती मुखवट्यावरूनच पडली. म्हणजे मुखवट्याचा कान कोणीतरी नंतर बसवलेला आहे, याच लोकरीने. ही लोकर कोण आणतं? मुखवट्याला हात लावायची मुभा कोणाला आहे?"

सगळे एकाच दिशेने वळले. अध्यक्ष ताठ उभे होते.

"पुसायला किल्ली माझ्याकडे असते," ते म्हणाले. "मला घ्यायचा तर काच कशाला फोडू?"

"किल्लीने उघडली असती तर तुमचंच नाव आलं असतं ना. एकच विचारते. आरोळी लवकर आली तेव्हा गोंधळ कोणी सुरू केला?"

"मी," मी म्हटलं.

"या गावात या सिनेमावर सगळ्यात मोठ्याने कोण बोलतं? वहिनी की अध्यक्ष? ज्या माणसाने या एका कानावर जन्म काढला, तो त्या क्षणी गप्प कसा? वहिनींना खुर्चीवर नुसता मफलर दिसला, कारण तिथे नुसता मफलरच होता."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मला अजूनही वाटत होतं की ते हसतील, वन्संना गप्प करतील.

"तुम्ही बदली होऊन इथे आलात," वन्सं म्हणाल्या. "जुना तुम्ही तरुणपणी दुसरीकडे पाहिलात. सरळ क्रमाने."

मग अध्यक्ष बाकावर बसले.

"इथे पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, उठून सांगावं, रिळं चुकली आहेत," ते म्हणाले. "पण दिवे लागले तर माझ्या शेजारची बाई रडत होती. म्हणाली, पाहिलंत, आईने हात लावला आणि कान भरून आला. मला ते खऱ्यापेक्षा चांगलं वाटलं. मी त्यावर बोललो. लोकांनी पुन्हा बोलायला लावलं. मुखवट्याचा कान फाटका होता, लोक विचारायला लागले, म्हणून मी एक करून चिकटवला. आज ती बाई एका नजरेत सांगणार होती."

"आणि माझ्या मुलीचं नाव?" मी विचारलं. "तुम्ही ती बट उचलून दाखवलीत. तिची नोकरी जाणार होती."

"बट मालकांच्या पायाशी पडली होती, त्यांना दिसणारच होती. लपवता येईना म्हणून दाखवली." ते माझ्याकडे बघत नव्हते. "शाळा दुसरी मिळाली असती तिला. हे मला दुसरं मिळणार नव्हतं."

हा तोच माणूस, ज्याने आम्हाला आईच्या मायेवर इतकी वर्षं रडवलं. मला रिमेकचा आला होता तो राग याच्यापुढे काहीच नव्हता. मी त्यांच्या खांद्यावरचा कान उपटला आणि बाकावर ठेवला. कोणी मला अडवलं नाही.

सहाच्या आत मुखवटा आला. मागच्या दाराने घरी नेला होता तसाच, पिशवीत घालून, त्यांनी स्वतः आणला. उजवा कान सुटून लोंबत होता. रंगभूषावालीने हळूच लोकर काढली. खालचा कान फाटका, कडा जुन्या झालेल्या, आणि त्यावर खरे केस.

६

पुढच्या रविवारी मालकांनी जुना लावला, सरळ क्रमाने. निम्मं मंडळ आलंच नाही. जे आले ते, 'आमचाच क्रम खरा, पटकथा गेली उडत,' असं बडबडत बसले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर जे पाहिलं ते एका रविवारी कसं सुटेल?

ठिणगी माझ्या शेजारी बसली होती. आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली होती, आणि मला विचारायचं धैर्य नव्हतं. पलीकडे वन्सं घोरत होत्या. आरोळी झाली. अख्ख्या कानाचा एकटा लांडगा छपरावर उभा राहून ओरडला, आणि पहिल्यांदाच मला कळलं की तो का ओरडतो. त्याला कोणी ओळखलेलं नसतं.

"संपला?" वन्सं दचकून उठल्या.

"नाही हो, अजून बराच आहे. झोपा तुम्ही."

मध्यंतरानंतर कुत्री सुटली. तो रक्ताळून आईच्या दारात आला. आईने त्याच्या फाटक्या कानावर हात ठेवला. कान भरून आला नाही. फाटका तो फाटकाच राहिला, पहाटे शालीखाली झाकला जाईपर्यंत. तिने त्याला तसाच आत घेतला.

ठिणगी पडद्याकडेच बघत म्हणाली, "आई, ती त्याला विचारत नाही. तू कोणाला मारलंस का, म्हणून."

"नाही विचारत," मी म्हटलं. "मी विचारलं."

अंधारात मी हात लांबवून तिच्या कानावर ठेवला. तिने तो झटकला. मी पुन्हा ठेवला. या वेळी तिने राहू दिला.